वाचकांचे प्रश्न : ‘हॅम्प्टन लीजन’ – तिन्ही दळांची एक पलटण का टिकली नाही?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१-६५) एकाच लष्करी तुकडीविषयी आहेत. विषय एक असला तरी प्रत्येकाचा रोख वेगळा असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (सातारा, लष्करातून निवृत्त झालेले एक वाचक) : अमेरिकेच्या यादवी युद्धावर वाचताना ‘हॅम्प्टन लीजन’ हे नाव वारंवार येते. एका लढाईत ती पायदळाची पलटण म्हणून दिसते, दुसऱ्या ठिकाणी तिच्या घोडेस्वारांचा उल्लेख येतो आणि तिसऱ्या ठिकाणी तोफांचा. ही एकच तुकडी होती की एकाच नावाच्या तीन तुकड्या होत्या?

उत्तर : आपल्याला पडलेला पेच खरा आहे. जन्माच्या वेळी ती एकच तुकडी होती. सव्वा वर्षाच्या सुमारास तिच्या तीन झाल्या आणि जुने नाव पायदळाकडे राहिले.

१२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन बंदरात फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि युद्धाला तोंड फुटले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्या राज्यातील एक अतिशय श्रीमंत मळेवाला, वेड हॅम्प्टन, याने दक्षिणेच्या, म्हणजे अमेरिकेतून फुटून निघालेल्या राज्यांच्या, सरकारचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या परवानगीने स्वतःची फौज उभारायला घेतली. हॅम्प्टन तेव्हा ४३ वर्षांचा होता. त्याचे आजोबा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढले होते आणि पुढे मेजर जनरल झाले होते. स्वतः त्याला मात्र लष्करी शिक्षण नव्हते आणि युद्धाचा अनुभवही नव्हता. कोलंबिया शहरात छावणी पडली, तरुणांची रीघ लागली आणि खर्चाचा मोठा वाटा हॅम्प्टनने आपल्या खिशातून उचलला. या फौजेत पायदळाच्या सहा कंपन्या, घोडदळाच्या चार कंपन्या आणि तोफखान्याची एक बॅटरी (काही तोफांची तुकडी) होती. सारी मिळून सुमारे हजार माणसे एका कर्नलच्या हुकमाखाली होती. त्या काळच्या साध्या पायदळ रेजिमेंटचे संख्याबळ भरतीच्या दिवशी साधारण एवढेच असे, म्हणजे एका रेजिमेंटच्या आकारात हॅम्प्टनने एक छोटे सैन्य बसवले होते.

ही कल्पना त्याची स्वतःची नव्हती. ‘लीजन’ हा शब्द रोमन असला तरी अठराव्या शतकात त्याचा अर्थ ‘पायदळ आणि घोडदळ एकत्र असलेली, प्रसंगी सोबत हलक्या तोफाही बाळगणारी, झपाट्याने हलणारी तुकडी’ असा झाला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हेन्री ली याची अशी लीजन दक्षिणेच्या जंगलांतून आणि नदीकाठांवरून लढली. हा हेन्री ली म्हणजे पुढे दक्षिणेचा सरसेनापती झालेल्या रॉबर्ट ली याचा बाप. १७९२ मध्ये तर अमेरिकेने आपले सगळेच खडे सैन्य ‘लीजन ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या नावाने चार उपलीजनांत बांधले. प्रत्येक उपलीजनमध्ये पायदळ, नेमबाज, स्वार आणि तोफा अशी चारही अंगे होती. अँथनी वेनच्या हाताखाली याच सैन्याने १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली. दोन वर्षांनी मात्र ती रचना मोडून पुन्हा साध्या रेजिमेंटा करण्यात आल्या.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. त्याच सुमारास महादजी शिंद्यांसाठी द बॉयन हा सेनानी कवायती पायदळ, तोफा आणि स्वार एकत्र बांधलेले ‘कंपू’ उभारत होता, आणि १७९० मध्ये पाटण व मेडता येथे त्यांनी राजपुतान्यातील फौजांचा पराभव केला. १७९३ मध्ये लाखेरीला हेच कंपू होळकरांच्या फौजेवर चालून गेले. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेली ती लढाई आठवली की ‘यादवी’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आज आपण ‘कंपू’ हा शब्द गटबाजीसाठी वापरतो. एकेकाळी तो लष्करी रचनेचा शब्द होता.

प्रश्न (पुणे, इतिहासाची एक विद्यार्थिनी) : या लीजनची तिन्ही अंगे पहिल्या मोठ्या लढाईत एकत्र लढली का? एकमेकांना त्यांचा उपयोग कसा झाला?

उत्तर : नाही, आणि याचे कारण साधे आहे. २१ जुलै १८६१ रोजी व्हर्जिनियात मनासासजवळ बुल रन या ओढ्याकाठी युद्धातील पहिली मोठी लढाई झाली, तेव्हा लीजन रिचमंडला होती. तिथून रणांगणाकडे जाण्यासाठी रेल्वे मिळाली ती फक्त पायदळाला. माणूस डब्यात बसतो. घोडे, तोफा आणि दारूगोळ्याच्या गाड्या चढवायला वेळ लागतो आणि डबेही बरेच लागतात. त्यामुळे सुमारे ६०० शिपाई लढाईच्या दिवशी सकाळी आगगाडीतून उतरून थेट गोळीबारात गेले, तर स्वार आणि तोफा सडकेने येत राहिल्या व लढाई संपेपर्यंत पोचल्या नाहीत.

सकाळी उत्तरेच्या फौजेने दक्षिणेच्या डाव्या बगलेवर मोठा घाव घातला होता आणि तिथल्या तुकड्या मागे रेटल्या जात होत्या. हॅम्प्टनने आपले पायदळ वॉरंटन टर्नपाइक या सडकेजवळ, जेम्स रॉबिन्सन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घराच्या आसपास उभे केले आणि मागे सरणाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून ती जागा धरून ठेवली. लीजनचा लेफ्टनंट कर्नल बेंजामिन जॉन्सन इथे ठार झाला. तिन्ही बाजूंनी गोळ्या येऊ लागल्यावर लीजन मागे हटून हेन्री हिल या टेकडीवरच्या, दक्षिणेच्या जॅक्सन या सेनापतीच्या फळीला मिळाली. दुपारी शत्रूच्या तोफांवर झालेल्या हल्ल्यात हॅम्प्टनच्या डोक्याला जखम झाली, तेव्हा जेम्स कॉनर या कॅप्टनने सूत्रे हाती घेतली. त्या दिवशी ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून लीजनची १२१ माणसे गेली, म्हणजे पाचांतला एक.

या लढाईने हॅम्प्टनचे नाव झाले. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तिन्ही दळे एकत्र ठेवण्यासाठी ज्याने एवढा खटाटोप केला त्याला पहिल्याच कसोटीला स्वतःची एकही तोफ आणि स्वारांची एकही कंपनी हाताशी मिळाली नाही; त्याच्या लीजनने साध्या पायदळ पलटणीचे काम केले, आणि ते उत्तम केले.

पुढचा हिवाळा पोटोमॅक नदीच्या बाजूला, ऑक्कोक्वान परिसरात गेला. तिथे तिन्ही अंगे एकत्र नांदली. पायदळ किनारा राखी, स्वार गस्त घालीत आणि बॅटरी नदीतल्या उत्तरेच्या जहाजांवर नजर ठेवी. लीजनला शोभणारे काम होते ते असेच : विस्तीर्ण पट्टा, थोडे सैन्य, मोठी लढाई नाही आणि एकाच अधिकाऱ्यावर सगळी जबाबदारी.

प्रश्न (नागपूर, एक वाचक, व्यवसायाने अभियंते) : तिन्ही दळे एकत्र असणे हे तर बळ मानायला हवे. मग १८६२ मध्ये ही लीजन मोडली का? केवळ वरिष्ठांचा हेवा की खरे लष्करी कारण?

उत्तर : हेव्याचे कारण पुढे करण्याची गरज नाही. लष्करी कारणे भक्कम आहेत, आणि ती नीट पाहण्यासारखी आहेत, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

पहिले कारण वेगाचे. पायदळ तासाला चारेक किलोमीटर चालते. चांगल्या दिवशी पंचवीस किलोमीटरांची मजल झाली तर पुष्कळ. घोडदळाचा उपयोगच मुळी दुप्पट अंतर तोडून शत्रूच्या मागे जाण्यात, त्याची रसद कापण्यात आणि त्याचा ठावठिकाणा काढण्यात असतो. स्वार पायदळाबरोबर चालला तर त्याचा घोडा म्हणजे केवळ खाणारे तोंड, आणि तो दौडत पुढे निघून गेला तर लीजन एकत्र राहत नाही. हे तोंड लहान नसते : सैन्याच्या नियमाप्रमाणे एका घोड्याला रोज गवत आणि धान्य मिळून सुमारे बारा किलो चारा लागे. शिवाय दक्षिणेच्या घोडदळात स्वार स्वतःचा घोडा घेऊन येई आणि सरकार त्याला वापराचे भाडे देई. आपल्या भाषेत ते सगळे शिलेदार होते, बारगीर नव्हते. घोडा हरवला आणि दुसरा मिळाला नाही तर स्वाराला पायउतार व्हावे लागे. अशा माणसांचा हिशेब, रजा आणि दाणापाणी पायदळाच्या रिवाजाने चालवणे अवघड होते.

दुसरे कारण संख्येचे, आणि माझ्या मते हेच मुख्य. अठराव्या शतकात काही हजारांची फौज म्हणजे मोठे सैन्य, आणि त्यात हजारांची लीजन एक वजनदार हिस्सा. १८६२ च्या उन्हाळ्यात रिचमंडसमोर दक्षिणेचे सैन्य सुमारे नव्वद हजारांचे झाले होते. त्या गर्दीत स्वारांच्या चार कंपन्या आणि एक बॅटरी म्हणजे मुठीतून गळणारी वाळू. एका बॅटरीने एखादी वाट अडवता येते, पण समोरच्या टेकडीवरच्या वीस-पंचवीस तोफा गप्प करायच्या तर अनेक बॅटऱ्या एका हुकमाने एकाच ठिकाणी आग ओकाव्या लागतात. दक्षिणेने पुढच्या वर्षी आपल्या तोफा ब्रिगेडींकडून (अनेक रेजिमेंटांच्या गटांकडून) काढून मोठ्या बटालियनांत बांधल्या त्या याच अनुभवातून. घोडदळाचेही तसेच. सैन्यभर विखुरलेल्या चार-चार कंपन्यांपेक्षा स्टुअर्टसारख्या एका सेनापतीच्या हाती एकवटलेल्या रेजिमेंटा कितीतरी जास्त उपयोगी पडत होत्या.

तिसरे कारण हुकमाचे. त्या काळी कर्नलचा आवाज, बिगूल, निशाण आणि निरोप्या स्वार एवढीच हुकूम पोचवण्याची साधने होती. जंगल आणि धूर यांत पायदळाच्या सहा कंपन्या डोळ्यांपुढे ठेवणे कठीण. त्याच वेळी मैलभर लांब गेलेल्या स्वारांना आणि मागच्या टेकाडावरच्या गोलंदाजांना योग्य क्षणी योग्य काम सांगणे जवळजवळ अशक्य. म्हणून प्रत्यक्षात वरचे सेनापती लीजनचे स्वार एकीकडे मागून घेत, तोफा दुसरीकडे, आणि कर्नलजवळ उरे फक्त पायदळ. कागदोपत्री मोडण्याच्या आधीच लीजन रोजच्या हुकमांनी मोडत चालली होती.

एक चौथी गोष्टही सांगितली पाहिजे. सैन्याच्या कामगिऱ्या रेजिमेंटांच्या भाषेत वाटल्या जात, बढत्याही त्याच हिशेबाने मिळत. हॅम्प्टनला स्वतःला २३ मे १८६२ रोजी ब्रिगेडियर जनरल करण्यात आले आणि त्याच्या हाती ब्रिगेड आली. ज्याच्या नावाने, पैशाने आणि हट्टाने लीजन एकत्र राहिली होती तो माणूसच वर गेला. ३१ मे रोजी सेव्हन पाइन्सच्या लढाईत त्याच्या पायाला गोळी लागली. लीजनच्या पायदळाचीही तिथे जबर हानी झाली. १ जून रोजी रॉबर्ट लीने सैन्याची सूत्रे घेतली आणि पुढच्या काही आठवड्यांत झालेल्या फेररचनेत लीजनची तिन्ही अंगे आपापल्या जातीच्या तुकड्यांत गेली. ज्याचा बाप लीजनचा नामांकित सेनानी, त्याच्याच सैन्यात लीजन विरघळली.

हॅम्प्टन एकटा नव्हता. जॉर्जियाची कॉब लीजन आणि फिलिप्स लीजन, उत्तर कॅरोलायनातील चेरोकी आणि डोंगरी गोऱ्या सैनिकांची थॉमस लीजन अशा अनेक तुकड्या त्याच उत्साहात उभ्या राहिल्या होत्या. कॉब आणि फिलिप्स यांच्या लीजनींची वाटही हॅम्प्टनच्या लीजनसारखीच लागली. थॉमसची लीजन डोंगराळ मुलुखात, मोठ्या सैन्यांपासून दूर होती म्हणून तिची गोष्ट थोडी निराळी.

आपण अभियंते आहात म्हणून आणखी एक सांगतो. कल्पना चुकीची नव्हती; तिला लागणारी साधने तेव्हा नव्हती. पायदळ गाडीत बसू लागले, तोफ स्वतःच्या इंजिनावर चालू लागली आणि बिनतारी संदेशाने एक अधिकारी सगळ्यांशी बोलू शकला तेव्हा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, मिश्र दळांच्या लढाऊ तुकड्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि टिकल्या. आपल्या लष्करानेही जुलै २०२५ मध्ये पायदळ, चिलखती गाड्या, रणगाडे, तोफखाना आणि ड्रोन एकत्र बांधणाऱ्या ‘रुद्र’ ब्रिगेडची घोषणा केली. त्यातही एक ध्यानात घ्यावे की, आज हे मिश्रण ब्रिगेडच्या पातळीवर होते. हजार माणसांच्या आकारात ते बसवणे हीच हॅम्प्टनची अडचण होती.

प्रश्न (अमेरिकेत कोलंबिया शहरात राहणारे मराठी दांपत्य) : आमच्या शहरात राज्याच्या विधानभवनाच्या आवारात वेड हॅम्प्टनचा अश्वारूढ पुतळा आहे. लीजनच्या तीन तुकड्यांचे पुढे काय झाले, आणि फौज उभारण्याइतका पैसा या माणसाकडे आला कुठून?

उत्तर : दोन प्रश्न आहेत, पहिल्याचे उत्तर आधी.

पायदळाने लीजनचे नाव राखले. मार्टिन गॅरी याच्या हाताखाली ते हूडच्या टेक्सास ब्रिगेडमध्ये गेले, आणि १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमच्या मक्याच्या शेतात उतरले तेव्हा त्यात फक्त ७७ माणसे उरली होती. त्यांतली सुमारे ५५ तिथे पडली. निशाण धरणारे एकामागून एक कोसळले आणि ते उचलून पुढे निघालेला मेजर डिंगलही ठार झाला. नंतर हे पायदळ जेंकिन्सच्या ब्रिगेडमधून टेनेसीत लढले, आणि १८६४ च्या वसंतात त्याला घोडे देऊन रिचमंडच्या रक्षणासाठी आणण्यात आले. ज्या पायदळापासून स्वार तोडले होते तेच पायदळ अखेरीस घोड्यावर बसले.

मूळच्या स्वारांची दुसऱ्या एका बटालियनशी जोड घालून ऑगस्ट १८६२ मध्ये ‘सेकंड साउथ कॅरोलायना कॅव्हल्री’ ही रेजिमेंट झाली, आणि मॅथ्यू बटलर तिचा कर्नल. ९ जून १८६३ रोजी ब्रँडी स्टेशनच्या लढाईत बटलरचा पाय गेला आणि त्याचा सहायक, हॅम्प्टनचा धाकटा भाऊ फ्रँक, प्राणघातक जखमी झाला. इंग्लंडहून आणवलेल्या ब्लेकली तोफांची बॅटरी आधी स्टीफन ली याच्याकडे होती. पुढे जेम्स हार्टच्या नावाने ती घोडतोफखाना म्हणून नावारूपाला आली.

या फाटाफुटीचे सर्वांत बोलके चित्र गेटिसबर्गचे आहे. जुलै १८६३ च्या त्या लढाईत हॅम्प्टन, लीजनच्या स्वारांपासून झालेली रेजिमेंट आणि हार्टची बॅटरी, तिन्ही पेनसिल्व्हेनियात होती. आणि लीजनचे नाव लावणारे पायदळ शेकडो किलोमीटर मागे व्हर्जिनियात राहिले होते. शेवटही वेगवेगळा झाला : पायदळाचा ९ एप्रिल १८६५ रोजी अपोमॅटॉक्सला, तर स्वारांचा महिनाअखेरीस उत्तर कॅरोलायनात जॉन्स्टनच्या सैन्याबरोबर.

आता पैशाचे. हॅम्प्टन घराण्याचे कापसाचे मळे दक्षिण कॅरोलायना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत होते आणि त्यांवर शेकडो गुलाम राबत होते. त्या श्रमातून आलेल्या पैशातून बंदुका, गणवेश आणि तोफा आल्या. १८६० च्या शिरगणतीत दक्षिण कॅरोलायनाच्या सात लाख रहिवाशांपैकी चार लाखांहून जास्त माणसे गुलाम होती. ज्या राज्याच्या रक्षणासाठी ही लीजन निघाली, त्या राज्याच्या निम्म्याहून अधिक लोकांना तिचा विजय म्हणजे कायमची बेडी होती. अँटिएटमच्या शेतात पडलेल्यांचे धैर्य मला नाकारता येत नाही, पण ते कशासाठी खर्ची पडले हे सांगितल्याशिवाय त्यांची गोष्ट सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

आपल्या शहरातला पुतळा मात्र युद्धापेक्षा त्यानंतरच्या राजकारणाचा अधिक आहे. १८७६ च्या निवडणुकीत हॅम्प्टन गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, तेव्हा लाल सदरे घातलेल्या सशस्त्र गोऱ्या टोळ्या त्याच्या बाजूने हिंडत होत्या. कृष्णवर्णीय मतदारांना धाकाने आणि हिंसेने मतपेटीपासून दूर ठेवण्याची योजना मांडली ती लीजनच्या पायदळाच्या मार्टिन गॅरीने. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये हॅम्बर्ग येथे कृष्णवर्णीय शिबंदीवर चालून गेलेल्या जमावाच्या पुढाऱ्यांत लीजनच्या स्वारांचा मॅथ्यू बटलर होता. हॅम्प्टन स्वतः संयमाची भाषा बोलत होता आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांची ग्वाहीही देत होता, पण तो सत्तेवर आला तो याच बळावर. पुढे हॅम्प्टन आणि बटलर दोघेही सेनेटमध्ये गेले. १८६२ मध्ये वेगळ्या झालेल्या लीजनचे तीन प्रमुख चौदा वर्षांनी पुन्हा एका कामासाठी एकत्र आले, ते असे.

प्रश्न (उत्तर व्हर्जिनियात राहणारे एक वाचक) : मनासासचे रणांगण आमच्या घरापासून जवळ आहे. लीजन नेमकी कुठे उभी होती ते आज पाहता येईल का?

उत्तर : होय. हेन्री हिलच्या अभ्यागत केंद्रापासून उत्तरेकडे चालत गेल्यास रॉबिन्सन कुटुंबाच्या घराची जागा लागते. लीजन त्या घराच्या अवतीभवती आणि खालच्या वाटेच्या आडोशाने लढली. मनासासला पुढच्या वर्षी आणखी एक लढाई झाली; जेम्स रॉबिन्सनचे घर दोन्ही लढायांतून वाचले; दुसऱ्या लढाईच्या वेळी, ऑगस्ट १८६२ मध्ये, उत्तरेच्या सैनिकांनी त्याचे धान्य आणि सामान नेले, त्याबद्दल त्याने युद्धानंतर सरकारकडे दावा लावला आणि मागितलेल्या रकमेचा काही भाग मिळवला. त्याच्या वंशजांनी तिथे बरीच वर्षे वस्ती केली. पुढे नव्याने बांधलेले घर १९९३ मध्ये आगीत गेले आणि आता गवतात फक्त पायाचे दगड दिसतात.